मॉरिशसला कोणत्या सणाच्या सुमारास जावे?

सांजवात (मूळ प्रश्न)

नमस्कार. पुढील वर्षी आई-वडिलांना घेऊन आठ-दहा दिवसांसाठी मॉरिशसला जाण्याचा विचार आहे. प्रवासी कंपन्यांनी पाठवलेल्या कार्यक्रमपत्रिका वाचल्या. त्यांत समुद्रकिनारे, शामारेलची रंगीत माती, बोटीची सफर आणि पोर्ट लुईमधील खरेदी हे सर्व आहे. परंतु सणांचा उल्लेख हॉटेलातील रात्रीच्या जेवणासोबत होणाऱ्या सेगा नृत्यापलीकडे जात नाही. ज्या बेटावर महाशिवरात्र, गणेशचतुर्थी, ईद, चिनी नववर्ष आणि नाताळ या सर्वांना सार्वजनिक सुट्टी असते, तेथे जाऊन केवळ वाळूवर बसून परत यावे, हे मनाला पटत नाही.

आमच्यासमोर दोन पर्याय आहेत. पहिला, महाशिवरात्रीच्या सुमारास जाऊन गंगा तलावाची यात्रा पाहणे. दुसरा, गणेशचतुर्थीला जाणे, कारण तेथील मराठी लोक हा सण आजही मनोभावे साजरा करतात, असे ऐकले आहे. आईने सत्तरी ओलांडली आहे आणि तिला फार चालवत नाही, मात्र गर्दीचा तिला तिटकारा नाही. हवामान, प्रवासाची सोय आणि बाहेरच्या माणसाने अशा प्रसंगी सामील होणे तेथे कसे मानले जाते, याविषयी अनुभवी सभासदांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

गलबत

नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे मॉरिशसमध्ये राहिलो असल्याने लिहीत आहे. पहिली गोष्ट अशी की, तेथील सण पर्यटकांसाठी योजलेले नसतात. ते गावांत, देवळांत आणि रस्त्यांवर होतात, आणि ही ठिकाणे बहुधा किनाऱ्यावरील मोठ्या हॉटेलांपासून दूर, बेटाच्या मध्यभागी असतात. त्यामुळे उत्तरेकडील एखाद्या हॉटेलात उतरून दिवसभराची सहल म्हणून सण पाहू गेल्यास त्याचा जेमतेम शेवट हाती लागतो. मुक्कामातील निदान दोन-तीन रात्री वाक्वा, क्युरपिप किंवा कात्र बोर्न या पठारावरील गावांपैकी एखाद्या ठिकाणी काढाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. ही तिन्ही गावे मेट्रोने पोर्ट लुईशी जोडलेली असल्यामुळे वृद्धांनाही प्रवास जड जात नाही.

आता महाशिवरात्रीविषयी. गंगा तलाव हे बेटाच्या दक्षिण भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर, एका मृत ज्वालामुखीच्या मुखात साचलेले सरोवर आहे. त्रिओले गावातील एका पुजाऱ्यांना १८९७ साली स्वप्नात या सरोवराचे दर्शन झाले, त्याचे पाणी गंगेशी जोडलेले असल्याचे त्यांना दिसले आणि पुढच्याच वर्षी काही भाविक त्यांच्यासोबत रानवाट तुडवीत तेथे पोहोचले, असे तेथे सांगितले जाते. १९७२ साली गोमुखाहून आणलेले गंगाजल या सरोवरात विधिपूर्वक मिसळण्यात आले. आज काठावर ३३ मीटर उंचीची शंकराची मूर्ती उभी आहे. प्रवासी कंपन्या वर्षभर पर्यटकांना याच मूर्तीपाशी नेतात, अर्ध्या तासात छायाचित्रे काढून घेतात आणि परत आणतात.

परंतु यात्रा म्हणजे ही मूर्ती नव्हे. महाशिवरात्रीच्या आधीच्या काही दिवसांत बेटाच्या चारही बाजूंनी लोक पायी निघतात. बहुतेकांच्या अंगावर पांढरे कपडे असतात, आणि खांद्यावर बांबूची, रंगीत कागदांनी, आरशांनी व फुलांनी सजवलेली कावड असते. गावोगावच्या तरुणांनी कित्येक आठवडे खपून घडवलेल्या मोठ्या कावडी चाकांवर ओढत नेल्या जातात. शिखर शिंगणापूरच्या कावडी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा उत्साह परका वाटणार नाही. सरोवराचे पाणी कलशात भरून लोक आपापल्या गावी परततात आणि महाशिवरात्रीच्या रात्री गावच्या देवळातील शिवलिंगावर चारही प्रहर त्याचा अभिषेक होतो. बहुतेक पर्यटक गर्दी पाहण्यासाठी सरोवरावर जातात आणि या रात्रीला मुकतात. माझ्या मते मात्र यात्रेचा गाभा या गावातल्या देवळांतच आहे.

रस्त्याच्या कडेला जागोजागी मांडव असतात आणि तेथे पाणी, सरबत, चहा, फळे व जेवण विनामूल्य मिळते. हे मांडव चालवणाऱ्यांत हिंदूच असतात असे नाही. वाटसरू म्हणून तुम्ही थांबलात तर कोणी तुम्हाला कोठले, कोण असे विचारण्याआधी हातात पेला ठेवतो. पैसे देऊ करू नयेत. ती सेवा आहे, आणि ती स्वीकारणे हाच तिचा मान आहे.

आईंच्या दृष्टीने दोन सूचना. यात्रेच्या दिवसांत सरोवराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर वाहनांना निर्बंध असतात आणि गाडी बरीच अलीकडे सोडावी लागते. मुख्य दिवसाच्या तीन-चार दिवस आधी, भल्या पहाटे गेल्यास यात्रेकरूही भेटतात आणि काठापर्यंत पोहोचणेही सोपे जाते. दुसरे म्हणजे, फार उंच कावडींजवळून चालू नये. २०२४ साली अशी एक उंच कावड विजेच्या तारेला लागून पेटली आणि तीत काही यात्रेकरूंचा मृत्यू झाला.

मेघवाट

गलबत यांनी यात्रेचे वर्णन उत्तम केले आहे, तरी ज्यांना एकाच मुक्कामात अनेक सण पाहायचे असतील त्यांनी जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी याच काळाचा विचार करावा, असे मला वाटते. उदाहरणादाखल २०२५ सालच्या सुट्ट्या पाहाव्यात. २९ जानेवारीला चिनी वसंतोत्सव, १ फेब्रुवारीला गुलामगिरीच्या उच्चाटनाचा दिवस, ११ फेब्रुवारीला तमिळ समाजाची थायपूसम कावडी, २६ फेब्रुवारीला महाशिवरात्र आणि १२ मार्चला राष्ट्रीय दिन. सुमारे सहा आठवड्यांत पाच निरनिराळ्या परंपरांचे दिवस येतात, आणि हे सर्व आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्याहून लहान असलेल्या बेटावर घडते.

यांपैकी थायपूसम कावडीविषयी थोडे अधिक लिहितो, कारण प्रश्नात तिचा उल्लेख नाही. भाविक दहा दिवस व्रत पाळतात, मांसाहार वर्ज्य करतात आणि मुख्य दिवशी सकाळी नदीकाठी जमतात. तेथे पूजा झाल्यावर काहींच्या गालांतून, जिभेतून आणि पाठीतून चांदीच्या बारीक सुया आरपार घातल्या जातात. नंतर फुलांनी व नारळाच्या कोवळ्या झावळ्यांनी मढवलेली लाकडी कमान खांद्यावर घेऊन मिरवणूक मुरुगनच्या, म्हणजे कार्तिकेयाच्या, देवळाकडे निघते. कमानीला दुधाने भरलेली तांब्याची भांडी बांधलेली असतात. भर उन्हात काही तास चालूनही देवळात पोहोचेपर्यंत दूध नासू नये, यात व्रताची सिद्धी मानली जाते. रस्त्याकडेच्या घरांतील माणसे अनवाणी भाविकांच्या पायांखालच्या तापलेल्या डांबरावर बादल्यांनी पाणी ओततात, हे दृश्य मला सर्वांत जास्त भिडले. कात्र बोर्नजवळ कोर द गार्द डोंगराच्या उतारावर मुरुगनचे जे देऊळ आहे, तेथील मिरवणूक पाहण्यासारखी असते. परंतु तेथे पायऱ्या आहेत, त्यामुळे वृद्धांनी खालीच थांबलेले बरे. अखेरीस केळीच्या पानावर सात भाज्यांचे जेवण वाढले जाते आणि परक्यालाही पंगतीत बसवले जाते.

अडचण एकच, आणि ती लहान नाही. नोव्हेंबर ते एप्रिल हा तेथील चक्रीवादळांचा काळ आहे आणि जानेवारी ते मार्च हे त्यातले सर्वांत जोखमीचे महिने. १५ जानेवारी २०२४ रोजी 'बेलाल' वादळामुळे पोर्ट लुईच्या रस्त्यांवर मोटारी वाहून गेल्या. वादळाचा इशारा चार पायऱ्यांनी वाढत जातो. तिसऱ्या पायरीला सार्वजनिक व्यवहार थांबतात आणि पर्यटकांनीही हॉटेलातच राहायचे असते. त्यामुळे या काळात जाणाऱ्यांनी परतीच्या तिकिटात दोन दिवसांची सवड आणि प्रवासविमा दोन्ही ठेवावेत.

वाक्वाकर

मी मॉरिशसचा आहे. माझ्या पणजोबांचे वडील रत्नागिरी जिल्ह्यातून उसाच्या मळ्यावर काम करण्यासाठी करारबद्ध मजूर म्हणून येथे आले. घरात आम्ही क्रिओल बोलतो, मराठी मी शाळेत शिकलो आणि पुढे पुण्यात राहून तिचा अभ्यास केला. या चर्चेत गणेशचतुर्थीविषयी अद्याप कोणी लिहिलेले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम तारखेची एक बाब, जी भारतातून येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. आमच्याकडे गणेशचतुर्थीची सार्वजनिक सुट्टी पुष्कळदा चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी असते. २०२४ साली भारतात चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि आमची सुट्टी ८ सप्टेंबरला. २०२५ साली भारतात २७ ऑगस्ट आणि आमच्याकडे २८ ऑगस्ट. याचे कारण असे की, बहुसंख्य घरांत दीड दिवसाचा गणपती असतो आणि सुट्टी विसर्जनाच्या दिवसाला धरून दिली जाते. ज्यांना प्रतिष्ठापना व विसर्जन दोन्ही पाहायचे आहे, त्यांनी चतुर्थीच्या निदान एक दिवस आधी बेटावर पोहोचलेले असावे. महाराष्ट्राप्रमाणे दहा दिवसांचा उत्सव मिळेल, अशा हिशेबाने चार दिवस उशिरा येणाऱ्यांच्या हाती फारसे काही लागत नाही.

मॉरिशसमधील पहिला गणेशोत्सव १८९६ साली आंरिएता या गावी झाला, असे आमच्याकडे सांगितले जाते. वाक्वा, आंरिएता, कास्कावेल, शामुनी ही मराठी वस्तीची जुनी गावे. पोर्ट लुईच्या अप्रवासी घाटावर १८३४ पासून भारतीय मजूर उतरू लागले आणि १९२० पर्यंत त्यांची संख्या साडेचार लाखांच्या आसपास गेली. त्यांत मुंबई इलाख्यातून आलेल्यांचे प्रमाण थोडे होते, आणि त्यातही कोकणातली माणसे अधिक होती. मूठभर लोकांनी जी गोष्ट घट्ट धरून ठेवली, ती गणपती. भाषा घरातून हळूहळू मागे सरली, आडनावे बदलली, कारण नोंद करणाऱ्या कारकुनांनी बापाचे नाव तेच आडनाव म्हणून लिहून घेतले. आरती मात्र आजही मराठीतच होते. आमच्या घरी तिचे शब्द रोमन लिपीत लिहिलेली वही आहे, आणि ज्या नातवंडांना मराठीतले एक वाक्य जुळवता येत नाही ती 'सुखकर्ता दुःखहर्ता' शेवटच्या कडव्यापर्यंत न अडखळता म्हणतात. याचा मला अभिमान आहे.

प्रत्यक्ष उत्सव कसा असतो, ते सांगतो. शाडूसारख्या मातीची मूर्ती बहुधा गावातच घडवली जाते. काही कुटुंबांत ती घरातील माणसेच घडवतात. चतुर्थीच्या सकाळी पूजा, दुपारी पुरणपोळी व मोदकांचा नैवेद्य, आणि रात्री झाकरी. झाकरी हे आमचे जागरणाचे नृत्य. मधोमध ढोलकी, झांज आणि म्हणणारे बसतात, भोवती पुरुष गोल धरून फिरतात, एकाच वेळी वाकतात, वळतात आणि पाय आपटतात. चिपळूण-गुहागरकडच्या वाचकांना आपली जाखडी लगेच आठवेल, आणि ती आठवण खरीच आहे, कारण ती तिकडूनच जहाजातून आली. तरुण मुले आता शर्टावर रंगीत उपरणे बांधतात आणि चालीत कधी सेगाचा ठेका मिसळतात. काही वडीलधाऱ्यांना ते रुचत नाही. मला मात्र त्यात वावगे दिसत नाही, कारण ज्या नृत्यात मुले आपणहून उतरतात ते नृत्य टिकते.

विसर्जनाच्या दुपारी मिरवणुका किनाऱ्याकडे निघतात. पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाक आणि दक्षिणेला बे द्यू काप येथे मोठी गर्दी होते. नदीकाठच्या गावांत नदीवरच विसर्जन होते. फुलांनी सजवलेली ट्रक, पुढे झाकरीचे गट, मागे गुलालाने माखलेली मंडळी, आणि मग सुरूच्या झाडांखाली शेवटची आरती. प्रवाळाच्या कड्यामुळे खाजणासारखे शांत झालेले पाणी किनाऱ्यालगत फार खोल नसते, त्यामुळे मूर्ती घेऊन माणसे बरीच आत चालत जातात आणि 'गणपती बाप्पा मोरया'चा गजर पाण्यावरून ऐकू येत राहतो. या वेळी किनाऱ्यावर मुसलमान, ख्रिस्ती आणि चिनी शेजारी असतातच. त्यांच्या मुलांना प्रसाद मिळाल्याखेरीज कोणी निघत नाही.

सांजवात

सर्वांचे मनापासून आभार. वाक्वाकर यांचे लेखन घरात मोठ्याने वाचून दाखवले. आईचे माहेर गुहागर तालुक्यातले असल्यामुळे झाकरीचा उल्लेख येताच तिचा निर्णय झाला. आता गणेशचतुर्थीच नक्की. तरी दोन शंका आहेत. आमची कोणाशीही ओळख नसताना एखाद्या घरी किंवा मंडळात दर्शनाला जाणे योग्य ठरेल काय? आणि उरलेल्या पाच-सहा दिवसांत त्याच सुमारास पाहण्यासारखे आणखी काही असते काय?

चंद्रवट

दुसऱ्या शंकेचे उत्तर देतो. चतुर्थी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात येत असेल तर ८ सप्टेंबरची रात्र मोकळी ठेवावी. पेर लावाल या फ्रेंच धर्मगुरूंचे ९ सप्टेंबर १८६४ रोजी निधन झाले. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या माणसांमध्ये त्यांनी आयुष्य वेचले आणि १९७९ साली कॅथलिक चर्चने त्यांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले. पोर्ट लुईच्या सँत क्रवा भागात त्यांची समाधी आहे आणि पुण्यतिथीच्या आदल्या रात्री बेटाच्या कानाकोपऱ्यांतून लोक तेथे पायी येतात. त्या रांगेत टिळा लावलेली आणि बुरख्यातली माणसेही मेणबत्ती घेऊन उभी असतात. मॉरिशसचे सण पाहायचे असतील तर ही रात्र चुकवू नये, असे माझे ठाम मत आहे.

सेगाविषयीही एक गोष्ट नोंदवतो. हॉटेलातील झगमगीत घागऱ्यांचा कार्यक्रम पाहून सेगा म्हणजे करमणूक, असा समज होतो. मुळात ते गुलामांचे गाणे आणि नृत्य आहे, आणि २०१४ साली युनेस्कोने त्याच्या पारंपरिक रूपाची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली. रावान नावाचा बकऱ्याच्या कातड्याचा मोठा डफ वाजवण्याआधी शेकोटीवर शेकला जातो. वादक तो ज्वाळेजवळ धरून हळूहळू फिरवतो, मधूनमधून बोटाने टिचकी मारून आवाज ऐकतो, आणि कातडे पुरेसे ताणले गेल्यावरच पहिला ठेका पडतो. सोबत बियांनी भरलेली चपटी पेटी, म्हणजे मारावान, आणि लोखंडी त्रिकोण. नाचणाऱ्यांची पावले जमिनीला घासत सरकतात, उचलली जात नाहीत. रविवारी संध्याकाळी सार्वजनिक किनाऱ्यांवर कुटुंबे सहलीला जमतात, तेथे असा सेगा कधी सहज ऐकायला मिळतो. दुसऱ्या एखाद्या वर्षी १ फेब्रुवारीला जाणे झाले तर ल मोर्न डोंगराच्या पायथ्याशी अवश्य जावे. पळून आलेले गुलाम या डोंगराच्या आश्रयाला राहत. १८३५ साली त्याच तारखेला मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली.

शेजारच्या रियुनियन बेटावर २० डिसेंबरला गुलामगिरीमुक्तीचा उत्सव रस्त्यारस्त्यांवर मालोया या तेथील पारंपरिक संगीताच्या तालावर रात्रभर चालतो, आणि तो फार मोठा असतो. मात्र ते बेट फ्रान्सचा भाग असूनही नेहमीचा शेंगेन व्हिसा तेथे आपोआप चालत नाही, हे भारतीय प्रवाशांनी आधी तपासून घ्यावे.

वाक्वाकर

सांजवातताई, पहिल्या शंकेविषयी. कोणाच्याही घरचा गणपती पाहण्यासाठी आमंत्रण लागत नाही, परंतु गावातील मंडळाच्या देवळातून सुरुवात केली तर अवघडल्यासारखे होणार नाही. वाक्वा किंवा कास्कावेल येथे चतुर्थीच्या सकाळी देवळात जा, आरतीला उभे राहा आणि आरती संपल्यावर आपण कोठून आलात ते सांगा. पुढचे आमंत्रण तेथील मंडळीच देतील, आणि आईंना बसायला खुर्ची आणून देण्यासाठी चार माणसे धावतील. तरुणांशी मराठीत बोलणे सावकाश व सोप्या शब्दांत करावे. उत्तर क्रिओलमध्ये किंवा हिंदीत आले तर वाईट वाटून घेऊ नये. त्यांना समजलेले असते.

सोबत काही आणायचे असेल तर नारळ आणू नका. वनस्पतिजन्य वस्तू, बियाणे व ताजी फळे यांवर विमानतळावर कडक तपासणी असते. त्याऐवजी देवनागरीत मोठ्या ठशात छापलेली आरत्यांची पुस्तके आणलीत तर आमच्या शिक्षकांना ती फार उपयोगी पडतात.

ऑगस्ट-सप्टेंबर हा आमचा हिवाळ्याचा शेवट. किनाऱ्यावर हवा सुखद असते, पठारावर मात्र सकाळ-संध्याकाळ भुरभुर पाऊस आणि बोचरा वारा असतो. वडीलधाऱ्यांसाठी स्वेटर व छत्री हवी. संध्याकाळनंतर गावाकडच्या बस फार लवकर थांबतात, म्हणून झाकरीच्या रात्री परत जाण्यासाठी टॅक्सी आधीच ठरवून ठेवा आणि भाडेही आधीच बोलून घ्या. विसर्जनाच्या दिवशी फ्लिक-आँ-फ्लाकला दुपारी एकच्या आत पोहोचलात तर गाडी किनाऱ्याजवळ लागेल. आईंना बसण्यासाठी सुरूंच्या सावलीत, मिरवणूक पाण्याकडे वळते त्या बाजूची जागा धरा. तेथून झाकरीही समोर दिसते आणि आरतीसाठी उठून चार पावलांहून अधिक चालावे लागत नाही.